निर्दोष खेळाचे माप : मॅरियन टिन्स्ली आणि चेकर्सचा पट

एखाद्याला त्याच्या कलेत वा विद्येत श्रेष्ठ ठरवताना आपण बहुतेक वेळा त्याची तुलना इतर माणसांशी करतो. धावपटू इतरांच्या आधी पोहोचला, मल्लाने इतरांना चीत केले, कवीने आपल्या पिढीतल्या कवींपेक्षा खोल पाहिले, असे आपण म्हणतो. या सगळ्या विधानांतले माप सापेक्ष असते. ज्या उंचीच्या पलीकडे जाणे मुळातच शक्य नाही अशी एखादी उंची ठाऊक असेल, तर तिच्यापासून माणूस किती अंतरावर थांबला हे सांगता येईल. साहित्यात अशी उंची कोणी पाहिलेली नाही. पटावरच्या काही खेळांत मात्र ती तत्त्वतः असते. ज्या खेळात फासे नाहीत, पत्त्यांसारखे काही झाकलेले नाही आणि जो केव्हा तरी संपतोच, त्या खेळातल्या प्रत्येक स्थितीचे मूल्य ठरलेले असते. दोन्ही बाजूंनी बिनचूक खेळ झाला तर ती स्थिती जिंकलेली, हरलेली किंवा बरोबरीची असते. जर्मन गणिती एर्न्स्ट झर्मेलो यांनी बुद्धिबळाच्या संदर्भात १९१३ साली या विचाराला गणिती रूप दिले. परंतु मूल्य ‘असते’ हे सिद्ध होणे वेगळे आणि ते ‘कोणते’ हे कळणे वेगळे. माणूस गंभीरपणे खेळत आला आहे अशा मोठ्या खेळांपैकी चेकर्स या खेळाच्या बाबतीत हे उत्तर २००७ साली मिळाले. त्यामुळे या खेळाचा इतिहास आपल्याला एक दुर्मिळ प्रश्न विचारू देतो : माणसांतला सर्वोत्तम खेळाडू पूर्णत्वाच्या किती जवळ गेला होता?

अमेरिकेत ज्याला चेकर्स आणि ब्रिटनमध्ये ड्राफ्ट्स म्हणतात तो खेळ बुद्धिबळाच्याच चौसष्ट घरांच्या पटावर, पण फक्त काळ्या बत्तीस घरांत खेळला जातो. प्रत्येकाच्या बारा सोंगट्या तिरक्या सरकतात, समोरची सोंगटी ओलांडून ती मारतात आणि मारणे सक्तीचे असते. शेवटच्या ओळीत पोहोचलेली सोंगटी राजा होते आणि तिला मागेही फिरता येते. नियम एवढेच. त्यामुळे हा पोरखेळ आहे असा समज सर्वत्र आढळतो. परंतु या पटावर संभवणाऱ्या स्थितींची संख्या पाचावर वीस शून्ये इतकी आहे आणि एकोणिसाव्या शतकापासून ब्रिटन व अमेरिकेत या खेळाचे व्यासंगी खेळाडू, त्यांचे सामने आणि त्यांवरचे ग्रंथ यांची एक भरघोस परंपरा उभी राहिली आहे.

या परंपरेला पूर्णत्वाच्या प्रश्नाने फार लवकर गाठले. १८६३ साली जेम्स वायली आणि रॉबर्ट मार्टिन्स या दोन श्रेष्ठ खेळाडूंमध्ये चाळीस डावांचा सामना झाला आणि चाळीसही डाव बरोबरीत सुटले. त्यांतले अनेक डाव पहिल्या खेळीपासून शेवटच्या खेळीपर्यंत तंतोतंत एकसारखे होते. धोका पत्करण्याचे कारण दोघांनाही दिसत नव्हते; सुरक्षित वाट ठाऊक होती आणि ते पुन्हा पुन्हा त्याच वाटेने गेले. पुढे यावर तोड म्हणून सुरुवातीच्या खेळ्या चिठ्ठी टाकून ठरवण्याची पद्धत आली. आधी दोन खेळ्या आणि १९३४ पासून अमेरिकेत तीन खेळ्या अशा रीतीने ठरू लागल्या. दीडशेहून अधिक सुरुवाती या पद्धतीत येतात आणि त्यांतल्या काही एका बाजूला अगदी कड्याच्या टोकावर नेऊन उभे करतात. ज्याला आपण नैसर्गिक खेळ म्हणू तो माणसांनी बराचसा ओळखला होता, म्हणून त्यांनी स्वतःसाठी मुद्दाम अडचणीची वाट आखली. या खेळात बरोबरी राखणे म्हणजे काही न घडणे नव्हे हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही.

मॅरियन टिन्स्ली यांचा जन्म १९२७ साली ओहायो राज्यातल्या आयर्नटन या गावी झाला. ते व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक होते. १९५७ साली ओहायो राज्य विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि पुढे फ्लोरिडातल्या विद्यापीठांत अध्यापन केले. ते श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि चर्चमध्ये प्रवचनेही देत असत. विद्यार्थिदशेत या खेळाच्या अभ्यासावर आपण सुमारे दहा हजार तास घालवले असे ते सांगत. १९५५ साली वॉल्टर हेलमन यांच्याविरुद्ध तीन डाव जिंकून, एकही न हरता आणि पस्तीस डाव बरोबरीत सोडवून ते जगज्जेते झाले. १९५८ साली इंग्लंडच्या डेरेक ओल्डबरी यांच्याविरुद्ध त्यांनी नऊ डाव जिंकले, एक गमावला, चोवीस बरोबरीत सुटले. त्यानंतर त्यांनी खेळातून अंग काढून घेतले. तोडीचा प्रतिस्पर्धी नसल्याने त्यांना खेळाचा कंटाळा आला होता, असेच याचे कारण सांगितले जाते. बारा वर्षांनी, १९७० मध्ये ते परतले, १९७५ मध्ये पुन्हा जगज्जेते झाले आणि १९९१ पर्यंत राहिले. १९५० पासून १९९५ साली मृत्यू येईपर्यंतच्या पंचेचाळीस वर्षांत, हजारो डावांत मिळून ते केवळ सात डाव हरले. त्यांपैकी दोन यंत्राविरुद्धचे होते.

हे यंत्र म्हणजे ‘चिनूक’ ही संगणक-प्रणाली. तिच्याआधी जवळजवळ तीस वर्षे आय.बी.एम.च्या आर्थर सॅम्युएल यांच्या प्रणालीने १९६२ साली रॉबर्ट नीली या खेळाडूला एका डावात हरवले होते आणि चेकर्सचा प्रश्न आता मिटला अशी समजूत पुष्कळांनी करून घेतली होती. ती चुकीची होती. अव्वल खेळाडूंपासून ती प्रणाली फार दूर होती. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचे जोनाथन शेफर यांनी १९८९ साली हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. त्यांच्या पद्धतीची दोन अंगे होती. एक अंग पुढे पाहण्याचे : चालू स्थितीपासून शक्य त्या खेळ्यांचा वृक्ष उलगडत जाणे. दुसरे अंग उलट्या दिशेने येण्याचे : पटावर एकच सोंगटी उरली असेल तर काय, दोन असतील तर काय, तीन असतील तर काय, असे शेवटाकडून मागे येत प्रत्येक स्थितीचे अचूक मूल्य नोंदवून ठेवणे. या नोंदींत अंदाज नसतो. त्यांत नोंदवलेल्या स्थितीपुरते यंत्र सर्वज्ञ असते. १९९४ पर्यंत आठ सोंगट्यांपर्यंतच्या सर्व, म्हणजे सुमारे ४४४ अब्ज स्थिती अशा रीतीने नोंदल्या गेल्या.

१९९० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत चिनूक टिन्स्ली यांच्या खालोखाल दुसरी आली आणि जगज्जेत्याला आव्हान देण्याचा अधिकार तिला मिळाला. खेळाच्या संघटनांनी यंत्राला हा अधिकार देण्यास नकार दिला. त्यावर टिन्स्ली यांनी आपले पद सोडले आणि यंत्राशी खेळण्याची तयारी दाखवली. त्यांना हरण्याची भीती नव्हती असे नाही. पण वर्षानुवर्षे समोरचे खेळाडू त्यांच्याशी बरोबरी साधण्यासाठीच खेळत आले होते आणि हे यंत्र मात्र जिंकायला खेळत होते. याच काळातल्या एका मैत्रीपूर्ण डावाची हकीकत शेफर यांनी सांगितली आहे. दहाव्या खेळीला यंत्राने निवडलेली चाल शेफर यांनी पटावर केली, तेव्हा टिन्स्ली यांनी लगेच बजावले की या खेळीचा तुम्हाला पश्चात्ताप होईल. यंत्राच्या मते आपली स्थिती उत्तम होती. छत्तिसाव्या खेळीला डाव सोडून द्यावा लागला. पुढे केलेल्या विश्लेषणात दिसले की ती दहावी खेळी खरोखरच डाव घालवणारी होती. यंत्र ज्या खोलीपर्यंत पाहत होते तिच्या कितीतरी पलीकडचे टिन्स्ली यांना दिसले होते. खेळ्या मोजून हे दिसणे अशक्यच. अशा प्रकारची स्थिती शेवटी कोठे जाते याची जाण त्यामागे होती.

ऑगस्ट १९९२ मध्ये लंडन येथे चाळीस डावांचा सामना ठरला. टिन्स्ली यांनी तो ४–२ असा जिंकला. ३३ डाव बरोबरीत सुटले. त्यांच्या चार विजयांपैकी एक यंत्र मध्येच अडून बसल्यामुळे मिळाला होता. आठव्या आणि चौदाव्या डावात ते हरले. दीर्घ काळ अपवादानेच डाव गमावलेल्या माणसाने एकाच सामन्यात दोन डाव गमावावेत ही मोठी घटना होती. परंतु सामना त्यांचाच झाला. माझा प्रणालीकार यंत्राच्या प्रणालीकारापेक्षा श्रेष्ठ आहे, यंत्राचा जोनाथन आहे आणि माझा परमेश्वर आहे, अशा आशयाचे त्यांचे उद्गार त्या वेळी गाजले. ऑगस्ट १९९४ मध्ये बॉस्टन येथे दोघे पुन्हा समोरासमोर आले. सहा डाव झाले, सहाही बरोबरीत. मग प्रकृती बिघडल्याने टिन्स्ली यांनी माघार घेतली. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले आणि एप्रिल १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. शेफर यांच्या दृष्टीने हा विजय विजय नव्हता. टिन्स्ली यांना पटावर हरवण्याची संधी कायमची गेली होती. यंत्र त्यांच्याहून सरस आहे हे दाखवण्याचा एकच मार्ग उरला, तो म्हणजे खेळच पूर्णपणे सोडवणे.

मध्ये काही वर्षांचा खंड पडला; पण डझनावारी संगणकांवर हे गणित चालू राहिले. दहा सोंगट्यांपर्यंतच्या सर्व स्थिती, म्हणजे सुमारे ३९ लाख कोटी, नोंदल्या गेल्या आणि २००७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दोन्ही बाजूंनी निर्दोष खेळ झाल्यास चेकर्स बरोबरीत सुटतो. वायली आणि मार्टिन्स १८६३ साली चाळीस वेळा जे दाखवून गेले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक अनुभवी खेळाडूला जे मनोमन ठाऊक होते, ते आता सिद्ध झाले.

मात्र या सिद्धतेची मर्यादा समजून घेतली पाहिजे. पटावरच्या मूळ मांडणीपासून बरोबरी कशी राखावी हे तिने दाखवले. चिठ्ठी टाकून ठरणाऱ्या सगळ्याच सुरुवातींचा किंवा सर्व शक्य स्थितींचा निवाडा तिने केलेला नाही. त्यामुळे टिन्स्ली यांचे सर्व डाव समोर ठेवून त्यांतल्या अमुक इतक्या खेळ्या चुकीच्या, असा काटेकोर हिशेब या सिद्धतेवरून मांडता येत नाही. तरीही दोन गोष्टी निःशंकपणे म्हणता येतात. सोंगट्या कमी उरल्या की डाव सर्वज्ञ नोंदींच्या हद्दीत शिरतो आणि तेथे अंतिम निवाडा करता येतो, ही पहिली. दुसरी अशी, की बरोबरीचा खेळ हरण्यासाठी चूक करावीच लागते. पंचेचाळीस वर्षांत सातच पराभव, तेही स्वतःला अडचणीत टाकणाऱ्या सुरुवाती खेळून आणि शेवटी न थकणाऱ्या यंत्रासमोर बसून : या अर्थाने मानवी इतिहासात कोणत्याही गंभीर पटखेळात पूर्णत्वाच्या इतक्या जवळ कोणी गेल्याचे दाखवता येईल असे वाटत नाही.

याच्या शेजारी बुद्धिबळ ठेवून पाहावे. बुद्धिबळ सुटलेले नाही. पण पटावर थोडी मोहरी उरली असताना काय होते हे यंत्रांनी मागून पुढे मोजत नक्की केले आहे. केन थॉम्प्सन यांनी सत्तरच्या दशकात वजीर विरुद्ध हत्ती या अंताची संपूर्ण नोंद तयार केली. ग्रंथांत हा अंत वजिराच्या बाजूने सहज जिंकता येणारा मानला जाई. अमेरिकेचे विजेते ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राऊन यांनी वजीर घेऊन यंत्राविरुद्ध पैज लावली. निर्दोष खेळात एकतीस खेळ्यांत जिंकता येणारी ती स्थिती होती. ब्राऊन यांना नियमाच्या पन्नास खेळ्यांतही ती जिंकता आली नाही. यंत्र हत्तीला राजापासून दूर नेई. पुस्तकांत असा बचाव दिलेलाच नव्हता. अभ्यास करून ते पुन्हा बसले तेव्हा बरोबर पन्नासाव्या खेळीला त्यांनी काम साधले. याहून बोलके उदाहरण दोन उंट विरुद्ध एक घोडा या अंताचे. क्लिंग आणि हॉर्विट्झ यांनी १८५१ साली घोड्याच्या बचावाची एक अभेद्य मानलेली रचना दाखवली आणि शंभराहून अधिक वर्षे हा अंत बरोबरीचा समजला गेला. १९८३ साली थॉम्प्सन यांच्या नोंदींनी दाखवले की तो सर्वसाधारणपणे जिंकता येतो. त्यासाठी प्रसंगी सहासष्ट खेळ्या लागतात. पाच मोहऱ्यांच्या पटावर एक अख्खी परंपरा शतकभर चुकत होती.

माणसाला पूर्णत्व साधतच नाही असा याचा अर्थ नव्हे. रचलेल्या कूटप्रश्नांत ते त्याला पूर्वीपासून साधले आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळातल्या अशा स्थितींचा संग्रह, मूळ संस्कृतातून इंग्रजीत येऊन, १८१४ साली मुंबईत छापला गेला. कूटात उत्तर आहे हे आधीच ठाऊक असते आणि रचणाऱ्याने भोवतालचा पसारा काढून टाकलेला असतो. खेळात हे कोणी सांगत नाही.

पूर्वेकडच्या ‘गो’ या खेळात तर अंतराचा अंदाज बांधण्याची एक जुनी रीतच आहे. दुर्बळ खेळाडूला आधीच काही सोंगट्या मांडू देऊन सामना समतोल करतात. देवाशी खेळायचे झाले तर किती सोंगट्या घ्याव्या लागतील, असा प्रश्न व्यावसायिक खेळाडू एकमेकांना विचारत आणि तीन किंवा चार असे उत्तर देत. मार्च २०१६ मध्ये सोल येथे ‘अल्फागो’ने ली सेडोल यांना ४–१ असे हरवले. २०१८ च्या जानेवारीत चीनचे अव्वल खेळाडू के जिए दोन सोंगट्या घेऊनही ‘फाइन आर्ट’ या प्रणालीकडून हरले. ही यंत्रे देव नव्हेत, तीही चुकतात. म्हणजे खरे अंतर याहून मोठे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चेकर्समध्ये माणूस पूर्णत्वाला जवळजवळ भिडला, बुद्धिबळात तो काही अंतरावर आहे, गोमध्ये त्याहून दूर आहे, असे म्हणून थांबता येईल. पण ‘निर्दोष’ या शब्दाची एक अडचण राहते. बरोबरीच्या स्थितीत बरोबरी राखणारी प्रत्येक खेळी सारखीच निर्दोष असते. प्रतिस्पर्ध्याला श्वास घेऊ न देणारी खेळी आणि त्याला निवांत सोडणारी खेळी यांत सर्वज्ञ नोंदवही भेद करत नाही. मग निर्दोष खेळणारा जिंकतो कसा? समोरचा चुकल्याशिवाय जिंकता येत नाही, आणि समोरच्याला चूक करण्याजोग्या जागी नेणे हे कौशल्य त्या वहीत कोठेच नोंदलेले नाही. मातेय गुइड आणि इव्हान ब्रात्को या संशोधकांनी २००६ साली बुद्धिबळाच्या जगज्जेत्यांचे डाव संगणकाच्या निवडीशी ताडून पाहिले, तेव्हा सर्वांत कमी विचलन कापाब्लांका यांचे निघाले. त्यांची शैली शांत, साधी स्थिती पसंत करणारी होती आणि जेथे गुंतागुंत कमी तेथे चुकाही कमी. शिवाय ज्या प्रणालीने मोजमाप केले ती स्वतः निर्दोष नव्हती. दोषांची मोजदाद म्हणजे श्रेष्ठत्वाचा निवाडा नव्हे, हे त्या संशोधकांनाही उमगले होते. म्हणून त्यांनी स्थितीच्या कठीणपणाचाही हिशेब धरला.

साहित्याच्या अभ्यासकांना हा वाद परका वाटू नये. मम्मटाने काव्याची व्याख्या करताना शब्दार्थ दोषरहित असावेत ही अट आधी घातली. त्यावर विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त आक्षेप घेतला की ही अट काटेकोरपणे लावली तर काव्य म्हणून फारच थोडे उरेल, कदाचित काहीच उरणार नाही. दोष काव्याला उणेपणा आणतो हे त्याला मान्य होते. काव्याचे काव्यत्व दोषाच्या अभावात शोधणे त्याला मान्य नव्हते. पटाच्या खेळात विश्वनाथाचा आक्षेप एका जागी तरी खोटा पडतो, कारण टिन्स्ली यांनी निर्दोषतेची अट जवळजवळ पाळून दाखवली. पण त्याचा दुसरा मुद्दा तेथेही खरा ठरतो. वायली आणि मार्टिन्स यांचे चाळीस डाव निकालाच्या दृष्टीने निर्दोष होते आणि आज ते या खेळाच्या कोंडीचा दाखला म्हणूनच सांगितले जातात. हेलमनविरुद्धच्या अडतीस डावांतल्या ज्या तीन डावांत टिन्स्ली यांनी निकाल खेचून आणला, ते मात्र जगज्जेतेपद ठरवून गेले.

‘चेकर्स सुटला’ ही घोषणा झाली तेव्हा टिन्स्ली यांना जाऊन बारा वर्षे झाली होती. आता कोणालाही त्या सिद्धतेच्या आधारे बसून कधीच न हरता खेळता येईल. १९९० सालच्या त्या डावात मात्र दहाव्या खेळीला काय झाले ते पटाभोवतीच्या सर्वांत एकाच माणसाला कळले होते आणि त्याच्याजवळ कोणतीही नोंदवही नव्हती.